मागचे स्पीकर शेवटी घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भाड्याचा टू बीएचके, हॉल १० बाय १५ फुटांचा, टीव्ही ४३ इंची, हातात ३५ हजार. दुकानदार म्हणतो, '१००० वॉटचा ५.१ साउंडबार' (टीव्हीखाली ठेवायची स्पीकरची लांब पट्टी) घ्या. ५.१ म्हणजे पुढे दोन स्पीकर, मधला एक 'सेंटर', मागे दोन आणि जाड आवाजाचा एक सबवूफर. मित्र म्हणतो, रिसीव्हर (आवाज सोडवून प्रत्येक स्पीकरला वाटून देणारा अ‍ॅम्प्लिफायर) आणि सुटे स्पीकर घे. मागच्या स्पीकरची वायर जायच्या-यायच्या वाटेत येते म्हणून घरात कुरबूर आहे. अ‍ॅटमॉस (वरूनही आवाज आल्यासारखा वाटणारी डॉल्बीची पद्धत) घ्यावं का, हेही विचारलंय. आणि सगळ्यात शेवटी, जाता जाता, एक वाक्य टाकलंय: सिनेमा लागला की आई म्हणते बोलणं समजत नाही, आवाज वाढवला की मारामारीत कानठळ्या बसतात, रिमोट हातातून सुटत नाही.

माझ्या मते तुमचा खरा प्रश्न हा शेवटचा आहे. मागून येणारा आवाज हवा असं तुम्ही म्हणताय, पण दुखणं आहे पुढच्या आवाजाचं. ते ओळखून पैसे लावले तर ३५ हजारांत चांगलं काम होईल. नाही ओळखलं, तर मागे दोन डबे टांगले जातील आणि आईच्या हातातला रिमोट तसाच राहील.

माझं म्हणाल तर सुरुवात पुण्यात बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या आसपास अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करण्यातून झाली. गेली पंचवीसेक वर्षं लोकांच्या घरी जाऊन होम थिएटर बसवतोय. मोठ्या बंगल्यातली कामं केलीत, पण जास्तीत जास्त कामं तुमच्यासारख्या हॉलमधलीच. त्यामुळे खाली लिहितोय ते या मापाच्या खोलीचं आहे. त्यातही काही गोष्टी तुमच्याकडे कशा आहेत त्यावर ठरतील: टीव्हीच्या एचडीएमआय खोबणीवर 'एआरसी' (टीव्हीचा आवाज त्याच वायरने बाहेर नेणारी सोय) लिहिलंय का, सोफा मागच्या भिंतीला टेकलाय का, आणि खालचे शेजारी किती सोशिक आहेत. जिथे फरक पडेल तिथे सांगतो.

काही विकत घेण्याआधी एक काम करा, त्याला एक रुपया लागत नाही. टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाजाच्या यादीत 'डिजिटल आउटपुट' असं काहीतरी असेल. तिथे 'पीसीएम' (न बांधलेला, सुटा डिजिटल आवाज) निवडलेलं असेल तर ते बदलून 'ऑटो', 'बिटस्ट्रीम' किंवा 'पास-थ्रू' करा. कारण साध्या एआरसीतून पीसीएम जातं ते फक्त दोन चॅनेलचं, म्हणजे डाव्या-उजव्या स्पीकरपुरतं. सहा चॅनेलचा आवाज बाहेर काढायचा तर तो डॉल्बीच्या बांधलेल्या पुडक्याच्या रूपात जावा लागतो आणि ते पुडकं पुढे रिसीव्हरने किंवा साउंडबारने सोडवावं लागतं. कोथरूडमधल्या एका घरी मला 'सेंटर स्पीकर बिघडलाय' म्हणून बोलावलं होतं. स्पीकर ठणठणीत. टीव्ही वर्षभर पीसीएमवर होता. त्या माणसाने वर्षभर जे 'सराउंड' मित्रांना ऐकवलं, ते साध्या स्टीरिओचं रिसीव्हरने पुढच्या आणि मागच्या जोडीत वाटून दिलेलं होतं. मेन्यूत एक बटण दाबलं, तेवढ्यात सेंटर बोलायला लागला. मी घेतलेली सगळ्यात लाजिरवाणी व्हिजिट फी ती.

याच साखळीतल्या आणखी दोन गोष्टी. ब्लूटूथने ५.१ येत नाही, दोनच चॅनेल येतात, डब्यावर काहीही छापलेलं असो. आणि ओटीटीवर ५.१ मिळेल की नाही हे तो सिनेमा, तुमचा प्लॅन आणि तुमचं उपकरण या तिन्हींवर ठरतं. सिनेमाच्या माहितीत '५.१' किंवा डॉल्बीचं चिन्ह दिसतं का ते बघा. तुम्ही मुख्यतः मालिका, बातम्या आणि यूट्यूब बघत असाल तर त्यातलं बहुतेक स्टीरिओच असतं. मग मागच्या स्पीकरला महिन्यातून दोन रात्रीच काम मिळेल, हे आधीच मनाशी ठरवलेलं बरं.

टीव्हीला एआरसी नसेल तर ऑप्टिकलची (प्रकाशाच्या तारेने आवाज नेणारी) चौकोनी खोबण बहुधा असते. ती साधं डॉल्बी डिजिटल ५.१ व्यवस्थित नेते. तुमच्या बजेटच्या सामानाला तेवढं पुरतं. पण एआरसी असेल तर तोच वापरा. त्यात टीव्हीच्या रिमोटने आवाज कमी-जास्त होतो, टीव्ही बंद केला की रिसीव्हरही बंद होतो. आईच्या हातात तीन रिमोट द्यायचे नसतील तर ही छोटी सोय नाही.

आता वॉट. १००० वॉट हा आकडा विसरून जा. तुमच्याकडे सोफ्यापासून टीव्ही ९ फुटांवर असेल असं धरतो. साधारण बरा स्पीकर १ वॉटला १ मीटरवर ८७ डेसिबलच्या आसपास आवाज देतो. म्हणजे ९ फुटांवर घरगुती आवाजात सिनेमा बघताना बहुतेक वेळ एखाद-दोन वॉटच खर्च होतात. धमाक्यांसाठी काही पट जास्त लागतात, ते ४०-५० वॉटचा प्रामाणिक अ‍ॅम्प्लिफायर हसत हसत देतो. वॉट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे 'जरासा वाढला वाटतं' इतकाच. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. दुकानात '१००० वॉट' लिहिलेला डबा दिसला की उलटा करा आणि मागच्या स्टिकरवर तो वीज किती खातो ते वाचा. ८०-१०० वॉट खाणारा डबा १००० वॉट सतत बाहेर कुठून काढणार? पूर्वी 'पीएमपीओ' (क्षणभराचा, फुगवलेला वॉटचा आकडा) लिहायचे, आता ते शब्द बदललेत, खोड तीच.

साउंडबार की सुटे, यात मी कुठल्या एका बाजूचा नाही. भाड्याचं घर, दर दोन-तीन वर्षांनी सामान हलवायचं, भिंतीला भोक पाडलं की मालक बडबडणार, घरात मोठी माणसं: अशा ठिकाणी मागचे स्पीकर आणि सबवूफर वेगळे येणारा साउंडबार मी स्वतः बसवून दिलाय आणि लोक खूश आहेत. घ्यायचा तर दोन गोष्टी तपासा. एचडीएमआय एआरसी हवाच. आणि मागचे स्पीकर खरोखर मागे ठेवायचे वेगळे डबे हवेत. 'व्हर्च्युअल सराउंड' म्हणजे भिंतीवर आवाज आपटवायची कसरत, आणि एका बाजूला गॅलरीचं उघडं दार, दुसऱ्या बाजूला पॅसेज असलेल्या हॉलमध्ये आपटायला भिंतच नसते. 'वायरलेस रिअर'लाही प्लग लागतो, हे दुकानात कोणी सांगत नाही.

साउंडबारची खरी गोची मात्र सबवूफरमध्ये आहे. बारमधले स्पीकर दोन-अडीच इंची. त्यांना जाड आवाज पेलत नाही, म्हणून १५०-२०० हर्ट्झच्या खालचं सगळं सबवूफरकडे ढकललेलं असतं. पुरुषी आवाजाचा तळ त्याच पट्ट्यात येतो. त्यामुळे सबवूफर सोफ्याच्या बाजूला कोपऱ्यात ठेवला, की नायकाचं तोंड टीव्हीत आणि छातीचा आवाज सोफ्यामागून, असला भुताटकीचा प्रकार होतो. साउंडबारचा सबवूफर बारच्या शेजारीच, तीन-चार फुटांत ठेवा.

तरीही तुमच्याजागी मी असतो तर मित्राचं ऐकलं असतं, फक्त त्याच्या क्रमाने नाही. साउंडबार बिघडला की बहुतेक वेळा पूर्ण जातो. सुट्या स्पीकरचं तसं नसतं. आज तीन, दिवाळीला चौथा-पाचवा, पुढच्या वर्षी सबवूफर असं वाढवता येतं, आणि वीस वर्षांपूर्वीचा चांगला स्पीकर आजही चांगलाच असतो. जुनं होतं ते रिसीव्हरमधलं इलेक्ट्रॉनिक्स.

रिसीव्हर वापरलेला घ्या. यामाहा, डेनॉन, सोनी यांचे सुरुवातीचे ५.१ मॉडेल लोक मोठं काहीतरी घेतल्यावर विकून टाकतात, १०-१२ हजारांत चांगल्या अवस्थेतला मिळतो असा माझा अनुभव. बघायला जाताना एक लहान स्पीकर, दोन मीटर वायर आणि एचडीएमआय केबल पिशवीत घेऊन जा. रिसीव्हरचा टेस्ट टोन लावून तोच स्पीकर पाचही जोडण्यांवर फिरवा, सगळीकडे सारखा आवाज यायला हवा. आवाज शून्यावर ठेवून स्पीकरला कान लावा, घूंऽऽ येता कामा नये. प्रत्येक एचडीएमआय खोबण तपासा, कारण विजेच्या झटक्याने आधी ती मरते आणि तिची दुरुस्ती परवडत नाही. मग चहा मागा. अर्धा-पाऊण तास चालू ठेवला की तापल्यावर बंद पडणारा सेट उघडा पडतो. डब्यात सेटिंगचा छोटा माइक आहे का ते विचारा, दुसऱ्या कंपनीचा माइक सहसा नीट चालत नाही. आणि अमेरिकेतून आणलेला असेल तर मागे व्होल्टेज वाचल्याशिवाय प्लग लावू नका. १२० व्होल्टचा सेट आपल्या २३० वर एका क्षणात जातो. दुबईहून आणलेला चालतो.

आता पैसे कुठे लावायचे. १२ हजार रिसीव्हर. पुढची जोडी ९ हजार, सेंटर ५ हजार. वायर आणि सटरफटर दीड हजार. हे झाले साडेसत्तावीस हजार. उरलेल्या साडेसात हजारांत वापरलेला ८ किंवा १० इंची पॉवर्ड (आत स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असलेला) सबवूफर मिळाला तर घ्या, नाही मिळाला तर थांबा. घाईघाईने घेतलेला सबवूफर नुसता घुमतो. आणि मागचे? घरात माळ्यावर जुना मिनी स्टीरिओ पडला असेल, त्याचे स्पीकर काढा. मागे ६ किंवा ८ ओहम लिहिलेलं असेल तर बिनधास्त जोडा. ३ ओहम लिहिलेले असतील तर नको, तुमचा रिसीव्हर वरचेवर 'प्रोटेक्ट'मध्ये जाईल, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडेल. मागचे स्पीकर सिनेमात बहुतेक वेळ पाऊस, गर्दी, रस्त्याचा गलका असलं काहीतरी वाजवतात. तिथे स्वस्त स्पीकर खपून जातो. पुढे खपत नाही. स्पीकरच्या जाळीमागे कोनभोवतीचा (आत-बाहेर हलणाऱ्या पडद्याभोवतीचा) काठ फोमचा आहे की रबरचा, तेवढं बघून घ्या. कोकणात किंवा मुंबईच्या दमट हवेत फोमचा काठ काही पावसाळ्यांत भुगा होऊन हातात येतो.

सेंटरबद्दल जरा जास्त बोलतो, कारण तुमच्या आईचं औषध तिथे आहे. ५.१ मध्ये संवाद जवळजवळ सगळे सेंटर चॅनेलमध्ये असतात. टीव्हीच्या आतल्या दोन स्पीकरमध्ये तो चॅनेल, संगीत, धमाके सगळं एकत्र कोंबलं जातं, आणि ते स्पीकरही बहुधा खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात. वेगळा सेंटर आला की संवादाला स्वतःचं तोंड मिळतं आणि त्याचा आवाज एकट्याचा वाढवता येतो. रिसीव्हरमध्ये सेंटर २ ते ३ डेसिबलने वर करा. बाकी काही न करता निम्मी तक्रार जाते.

पण ठेवायचा कसा, ते नीट करा. लोक सेंटर शोकेसच्या खणात आत ढकलतात, वर गणपतीची मूर्ती आणि बाजूला रिमोटची टोपली. मग तो पिंपात बोलल्यासारखा ऐकू येतो. खणाच्या पुढच्या कडेशी आणा, बोटभर बाहेर डोकावला तरी चालेल. टीव्हीच्या खाली असेल तर पुढून थोडा उचला. दाराखाली अडकवायच्या दोन रबरी पाचरी घेऊन पुढच्या कडेखाली सरकवा. रोख कानाकडे हवा. तपासायची सोपी रीत: मोबाइलचा टॉर्च स्पीकरच्या छोट्या घुमटीशेजारी धरून कोणाला तरी उभं करा आणि सोफ्यावर बसा. टॉर्च थेट डोळ्यात आला तर रोख बरोबर.

एवढं करूनही रात्री मारामारी अंगावर येत असेल तर रिसीव्हरमध्ये 'नाइट मोड' किंवा 'डायनॅमिक रेंज' असं सेटिंग असतं. त्याने मोठे आवाज दबतात, बारीक आवाज वर येतात. सिनेमा थिएटरसाठी मिसळलेला असतो, तिथे कुजबुज आणि स्फोट यांच्यातलं अंतर मुद्दाम मोठं ठेवतात. रात्री साडेदहाला हॉलमध्ये ते अंतर कोणाला नको असतं. शुद्धतावाद्यांना हे सेटिंग आवडत नाही. माझ्या घरी ते चालू असतं.

सेंटरचे ५ हजार आत्ता नसतीलच, तर तोही थांबवता येतो. रिसीव्हरला 'सेंटर नाही' असं सांगितलं की तो संवाद पुढच्या दोघांत सारखे वाटतो आणि बरोबर मध्यावर बसलेल्याला आवाज पडद्यातूनच आल्यासारखा वाटतो. सोफ्याच्या टोकाला बसणाऱ्याला मात्र जवळच्या स्पीकरमधून येतो. म्हणजे आईला मधली जागा द्यावी लागेल.

पुढची जोडी किती लांब ठेवायची? तुमच्या नाकापासून टीव्हीकडे सरळ रेषा काढली तर प्रत्येक स्पीकर त्या रेषेपासून २२ ते ३० अंशांवर हवा. ९ फुटांवर बसत असाल तर दोघांमध्ये ८ फूट ठेवा, कोन साधारण २४ अंश येतो. तुमची भिंत १० फुटी, म्हणजे दोन्हीकडे एकेक फूट उरतो. चपखल बसतंय. कोपऱ्यात चिकटवू नका, बेस फुगतो. उंची कानाइतकी.

मागचे स्पीकर खरं तर कानाच्या जरा मागे, ११० अंशांच्या आसपास हवेत. पण तुमचा सोफा भिंतीला टेकलेला असेल तर मागे जागाच नाही. अशा वेळी लोक मागच्या भिंतीवर डोक्याच्या मागे टांगतात आणि मग केस कापायच्या मशीनसारखं कानाशी वाजत राहतं. त्यापेक्षा बाजूच्या भिंतींवर, बसल्यावर कानाच्या रेषेत किंवा किंचित मागे, कानापेक्षा दीड-दोन फूट वर लावा. रोख थेट कानाकडे नको, पलीकडच्या बाजूच्या भिंतीच्या वरच्या भागाकडे ठेवा. एका बाजूला भिंत नसून पॅसेज असेल तर तिकडे उंच स्टूल किंवा पुस्तकांचं कपाट चालतं. दोन्ही बाजू सारख्या नसल्या तरी चिंता नको. रिसीव्हरला प्रत्येक स्पीकरचं अंतर टेपने मोजून सांगा. आवाज एका मिलिसेकंदाला सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, तेवढ्या हिशेबाने रिसीव्हर जवळच्या स्पीकरला थांबवून धरतो. आणि जमलं तर सोफा भिंतीपासून फूटभर पुढे ओढा. भिंतीलगत बेस सगळ्यात जास्त साठतो, तिथे डोकं असलं की सगळं घुमल्यासारखं लागतं.

घुमण्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. प्रत्येक खोलीचे स्वतःचे काही सूर असतात, मडक्यात तोंड घालून हुंकार दिला की एका सुराला मडकं घुमतं तसे. समोरासमोरच्या भिंतींमधलं अंतर १० फूट असेल तर पहिला सूर साधारण ५६ हर्ट्झवर येतो. आपल्या फ्लॅटची उंची साडेनऊ फूट धरली तर तिचा येतो ५९ वर. दोघे शेजारी-शेजारी पडले, म्हणजे तुमच्या हॉलमध्ये या पट्ट्यातला बेस दुप्पट जोराने घुमणार. याला महाग सबवूफर हे उत्तर नाही, जागा हे उत्तर आहे. कोपऱ्यात ठेवला तर खोलीचे सगळे सूर एकदम जागे होतात. १० फुटी भिंतीच्या मध्याजवळ, म्हणजे तुमच्याकडे टीव्हीच्या खालीच, ठेवला तर रुंदीचा तो सूर जवळजवळ झोपून राहतो.

तरी शेवटी कानानेच ठरवा. माझी पद्धत बघून लोक हसतात: सबवूफर सोफ्यावर, तुम्ही बसता त्या जागी चढवायचा, एकसारखा बेस असलेलं काहीतरी लावायचं आणि आपण खोलीच्या कडेकडेने रांगायचं. जिथे बेस घट्ट आणि स्वच्छ लागेल, ना फुगलेला ना गायब, तिथे खूण करायची आणि सबवूफर तिथे आणून ठेवायचा. मुलं असतील तर तीही रांगतात. मग रिसीव्हरमध्ये सगळे स्पीकर 'स्मॉल' करून ८० हर्ट्झवर तोडा, म्हणजे त्याखालचं काम सबवूफर घेईल. सबवूफरच्या मागच्या फेजच्या बटणाला ० आणि १८०, दोन्हीकडे करून ऐका, ज्यात बेस भरीव लागेल ते ठेवा.

एक चूक मी स्वतःच्या घरी केली होती. सबवूफर दिवाणाच्या खाली, नजरेआड. पहिल्याच रात्री दिवाणाच्या खणातली स्टीलची भांडी, शोकेसच्या काचा आणि वरच्या कप-बशा सगळ्यांनी साथ धरली. आठवडाभर मी स्पीकर फाटला म्हणून त्याचा कोन तपासत होतो. आता कुठेही गेलो की आधी शोकेसच्या काचांना कडेने कापडाची पट्टी लावतो.

शेजाऱ्यांचं म्हणाल तर बेस स्लॅबमधून जातो आणि पडदा-गालिचा त्याला अडवत नाही. सबवूफरखाली जाड रबर ठेवलं तर खडखड कमी होते, धमधम फारशी नाही. रात्री १० नंतर निवासी भागात ४५ डेसिबलची मर्यादा नियमातच आहे, पण मी नियमाआधी शेजाऱ्यांचं तोंड बघतो. रात्री सबवूफर ५-६ डेसिबल खाली आणायचा.

खोलीसाठी वेगळा खर्च नको. मध्यभागी उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागे टर्रर्र अशी बारीक शेपूट आली तर व्हिट्रिफाइड फरशी आणि कोऱ्या भिंती आवाज परतवतायत आणि संवादातले स, श, च त्यातच विरतात. टीव्ही आणि सोफ्याच्या मध्ये जाड सतरंजी टाका, गॅलरीच्या काचेवर दुहेरी पडदा लावा, एका भिंतीला पुस्तकांचं उघडं कपाट असू द्या. मी एका गिऱ्हाइकाकडे चक्क आजीची गोधडी भिंतीवर टांगली होती, दिसायलाही छान दिसली. अंड्याचे ट्रे चिकटवू नका, धूळ सोडून काही धरत नाहीत.

अ‍ॅटमॉस: या बजेटात नको. तेवढ्याच पैशांचे पाचाऐवजी सात तुकडे केले की प्रत्येक तुकडा हलका येतो. वर आवाज फेकणाऱ्या स्पीकरना सपाट छत लागतं, आणि आपल्याकडे पीओपीच्या पायऱ्या आणि मध्ये पंखा.

जोडणी करताना लाल-काळं सांभाळा. एक स्पीकर उलटा जोडला गेला की बेस पातळ होतो, आवाज मध्यावर टिकत नाही, आणि माणूस नवीन स्पीकर आणायला निघतो. वायरवर खूण नसेल तर घड्याळातला दीड व्होल्टचा सेल घ्या. स्पीकरकडे जाणाऱ्या वायरची दोन टोकं, रिसीव्हरपासून सोडवून, सेलला क्षणभर टेकवा. टक् असा आवाज येईल. कोन बाहेर सरकला तर सेलच्या प्लसला लागलेली तार ती लाल, आत गेला तर उलट. पाचही एकाच पद्धतीने तपासा, दहा मिनिटांचं काम.

सगळं लागल्यावर बारीक घूंऽऽ येत असेल तर आधी केबल किंवा डिशची गोल वायर सेट-टॉप बॉक्सपासून काढून बघा. बरेचदा घरघर तिथूनच, दोन ठिकाणच्या अर्थिंगमुळे येते. त्यावर आयसोलेटर मिळतो. प्लगची अर्थची पिन मात्र कधीही कापू नका.

राहिली वायर, ज्यावरून घरात कुरबूर आहे. सोनेरी वेष्टनाची महागडी 'स्पीकर केबल' नको. घरच्या वायरिंगला वापरतात ती १.५ चौरस मिलिमीटरची दोन पदरी तांब्याची वायर घ्या. १० मीटर लांब टाकली तरी तिचा विरोध जेमतेम पाव ओहम भरतो, ८ ओहमच्या स्पीकरला ते कळतही नाही. घेताना एक धागा ब्लेडने खरवडा. आतून पांढरा निघाला तर तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे, ठेवून द्या. तुमच्या पॅसेजच्या तोंडाशी वायर जमिनीवरून ओलांडू नका. स्कर्टिंगच्या वरून केसिंग पट्टीत घ्या, दाराच्या चौकटीच्या बाजूने वर चढवा, चौकटीच्या माथ्यावरून पलीकडे उतरवा. पट्टी खिळ्याने न ठोकता दोन बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने लावली तर घर सोडताना हेअर ड्रायरने गरम करून निघते, रंगही सहसा उखडत नाही. पॅसेजच्या दोन्ही टोकांना हातभर वायर जादा ठेवा, पुढच्या घराचा हॉल कदाचित लांब असेल.